गुरुवारचे खड्डे

डॉक्टरांनी आलेख आधी उभा धरला, मग आडवा. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे तुम्ही काढलंत?"

"हो. शिसपेन टोकदार होतं," बाबा विनयाने म्हणाले.

बाबा वजनकाटे तपासणारे सरकारी निरीक्षक; शनिवार-रविवारचे बाजारही त्यांच्याच वाट्याला. सव्वीस वर्षांत त्यांच्यासमोर खोटं बोलायची एकाही काट्याची छाती झाली नव्हती. सोळा वर्षांच्या लेकीला बायपोलर आजार असल्याचं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी सहज सांगितलं होतं, "मनःस्थितीची रोज नोंद ठेवा." आपण कुणाला सांगतोय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज किती?" उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत लेक एक आकडा सांगायची. एकदा तिने थट्टेत "पावणेदोन" सांगितलं. बाबांनी पावणेदोन लिहून घेतलं.

"अहो, पोरगी आहे ती. वाण्याचा काटा नाही," आई म्हणायची.

आता प्रश्न अर्ध्या गोळीचा होता. तीन महिने रेघ शून्याच्या आसपास खाली मान घालून चालली होती. मात्र दर आठवड्याला एक खड्डा. उणे दोन, कधी उणे तीन. बाबांनी त्या खड्ड्यांची धास्ती घेतली होती. मागच्या वर्षी असाच एक खड्डा पडला आणि लेक तीन आठवडे अंथरुणातून उठली नव्हती.

"डोस अर्ध्या गोळीने वाढवाच," बाबा म्हणाले.

आईने धास्ती घेतली होती गोळीची. लेक शाईने किड्यामुंग्यांची चित्रं काढायची. मागे डोस वाढवला तेव्हा तिचा हात थरथरू लागला. "आई, माझ्या मुंगीला सातवा पाय फुटला," म्हणून ती हसली, आणि पुढे दोन महिने तिने दौत उघडली नाही.

डॉक्टरांचं बोट एकेका खड्ड्यावर थांबत गेलं. "सगळे गुरुवारच आहेत की."

आई-बाबा दोघंही आलेखावर वाकले; लेक खुर्चीतच राहिली.

"रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि आजार काही वार बघून येत नाही. गुरुवारी काय होतं ते कळू दे. औषध कमी पडत असेल तर अर्धी गोळी वाढवू. कारण दुसरंच निघालं तर गोळीला हात लावायचा नाही."

"गुरुवारी मला कामावरून यायला उशीर होतो," आईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळेच असेल."

"अंदाज कशाला? लेखी आहे सगळं," म्हणत बाबांनी वही पुढे केली. गुरुवारच्या नोंदी सर्वांत तपशीलवार होत्या. डॉक्टर वाचू लागले.

"नऊ चाळीस. आरशासमोर गुणगुणली. नऊ पंचेचाळीस. दार किलकिलं करून पाहिलं असता गुणगुणणं बंद. सव्वाअकरा. मैत्रिणीशी फोनवर मोठ्याने हसली. हसण्याचं कारण विचारलं. सांगितलं नाही. बारा. पुन्हा विचारलं. सांगितलं नाही."

डॉक्टरांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. ते लेकीकडे वळले.

"तूच सांग बाळ. गुरुवारी असतं तरी काय?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. मग आपल्या चपलांकडे. मग पुन्हा बाबांकडे.

"रागावणार नाही ना?"

"छे! मी कशाला रागावेन?" बाबा म्हणाले, आणि लिहून घ्यायला सरसावून बसले.

"गुरुवारी बाबांची सुट्टी असते."