बॅट ठेवली ना?

"पुन्हा चार?" एलिहियोने विचारलं.

"पुन्हा चार, बाबा," नेरेइदा म्हणाली.

खाली ग्वायाकान तिसऱ्यांदा फुकटात पहिल्या बेसवर चालला होता. समोरच्या संघाला त्याला चेंडूच द्यायचा नव्हता. चार चेंडू मुद्दाम बॅटच्या टप्प्याबाहेर फेकायचे, नियमाने एक बेस बहाल करायचा आणि मोकळं व्हायचं. अख्खं सान पेद्रो बाकांवर उभं राहून शिव्या घालत होतं. ग्वायाकानचा बेसबॉलमधला शेवटचा सामना, आणि त्याला एक फटका मारू देईनात लेकाचे!

"बॅट ठेवली ना?"

"ठेवली."

"बघ! दुसरा असता तर आदळली असती. हा कशी ठेवतो, झोपलेलं लेकरू गादीवर ठेवावं तशी. वीस वर्षं बघतोय मी."

बघत होता तेव्हा बघत होता. आता डोळे गेले होते. साखर कारखान्यात जन्म गेला आणि साखरेनेच म्हाताऱ्याला खाल्लं. आधी डोळे, आता डावा पाय. फडक्याखाली पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. उद्या सकाळी कापला नाही तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. म्हातारा ऐकेल तर शपथ! जाईन तर अख्खा जाईन, म्हणायचा. नेरेइदा रडून रडून दमली तेव्हा कुठे एवढं कबूल झाला, की रविवारी ग्वायाकानने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला, तर पाय कापू देईन.

आणि हे मेले चेंडूच टाकत नव्हते.

नेरेइदा उठली. गर्दीतून वाट काढत खाली जाळीपाशी गेली. पलीकडे समोरच्या संघाचा चेंडू टाकणारा, पिचर देल्विन, पाणी पीत होता.

"दादा, एक चेंडू टाक रे त्याला. एकच. त्याने आज मारला नाही तर माझा बाप पाय कापू देणार नाही. मरेल तो."

देल्विनने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझ्या आईने त्याचा फोटो देवाशेजारी लावलाय. त्याला चेंडू टाकायचा म्हणूनच मी पिचर झालो. मला काय हौस आहे?" त्याने बाकावरच्या आपल्या मॅनेजरकडे बघितलं. "साहेबांनी चार बोटं वर केली की संपलं."

"तुझ्या पाया पडते."

"नको गं, असं नको करू," तो म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला.

शेवटच्या डावात ग्वायाकान परत आला. ढोल थांबले. एलिहियो कान पुढे करून बसला. नेरेइदाने आल्ताग्रासिया माउलीला हात जोडले आणि मॅनेजरच्या हाताकडे बघत राहिली. चार बोटं वर गेली.

पहिला चेंडू लांब. दुसरा लांब. तिसराही. चौथा टाकताना देल्विनने मान खाली घातली होती.

ग्वायाकान क्षणभर हललाच नाही. मग त्याने बॅट डोक्यावरून फिरवली आणि जिवाच्या आकांताने भिरकावून दिली. ती गरगरत देल्विनच्याही मागे जाऊन पडली. त्याने हेल्मेट लाथेने उडवलं. मैदानात असा काही गदारोळ उठला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

"चार," म्हातारा म्हणाला. मग त्याने लेकीच्या कानाशी तोंड नेलं. "आणि बॅट?"

नेरेइदाने खाली बघितलं.

"ठेवली, बाबा."

"हळू?"

"नेहमीसारखी."

म्हाताऱ्याने मैदानाकडे तोंड वळवलं.

"मारायचा होता गं त्याला. शेवटचाच होता. तरी ठेवली."

"हो."

त्याने फडक्यावरून पायावर हात फिरवला, पार खाली, बोटांपर्यंत.

"डॉक्टरला सांग, सकाळी येतो म्हणून."

मग त्याने तिला कोपराने ढोसलं. "टाळ्या वाजव की! बसलीस काय?"

खाली पहिल्या बेसवर ग्वायाकान दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता. नेरेइदाने डोळे पुसले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली.