उसनी चव

"आधी तू," म्हणत लेखकाने वाटी बायकोकडे सरकवली.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. एकाच तापात नवरा-बायको दोघंही आडवे पडले. ती आठवड्यात कामाला लागली, याची चव मात्र गेली ती गेलीच. खाण्यापिण्यावर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला मीठसुद्धा खडूसारखं लागावं, म्हणजे थट्टाच म्हणायची. कुणाला कळलं तर सगळं संपलं. म्हणून ती चाखायची, हळूच सांगायची आणि तो लिहायचा.

या मुलखाकडे फारसं कुणी फिरकत नाही. एका गल्लीत चार भाषा, आणि दारागणिक चूल वेगळी. सात दिवसांत एकवीस ठिकाणी खाऊन झालं होतं. निघताना संपादकाने बजावलं होतं, "हल्ली तुमचं काहीही वाचलं की आधी वाचल्यासारखं वाटतं. या वेळी नवं काही आणा, नाहीतर सदर बंद." लेखकाला ते चांगलंच झोंबलं होतं.

बायको प्रवासभर गप्पच होती. गाडीत भरतकामाच्या नमुन्यांची पिशवी उघडून बसायची. आणि जाईल तिथे आधी विचारायची, यात काय काय घातलंय? लेखकाला वाटायचं, संसारी बाई, कृती विचारणारच.

आजही तिने विचारलं.

"दूध, तांदूळ, साखर, वरून भाजलेले तीळ," असं सांगून खानावळवाली दुसऱ्या टेबलाकडे वळली.

बायकोने सावकाश चार चमचे खाल्ले. डोळे मिटले.

"लिहा. गोडवा आधी लाजत येतो. तीळ दाताखाली आले की मग घरचाच होऊन बसतो."

"अगं, लेखक तूच व्हायला हवं होतंस."

"चला, काहीतरीच तुमचं."

त्याने वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. आता सदर बंद पडणार नाही, असं त्याला कितीतरी दिवसांनी वाटलं. फार बरं वाटलं.

तेवढ्यात खानावळवाली हातात पळी घेऊन लगबगीने आली. "ताई, ते खाऊ नका. डब्यांची अदलाबदल झाली, साखरेऐवजी मीठ पडलंय. पलीकडच्या माणसाने पहिलाच घास थुंकला." मग तिचं लक्ष वाटीकडे गेलं. "तुम्ही अर्धी संपवलीत?"

बायकोने चमचा खाली ठेवला. खानावळवाली वाटी उचलून आत गेली.

"कधीपासून?" लेखकाने विचारलं.

"तुमच्याबरोबरच. दोघांचीही गेली म्हटलं असतं, तर तुम्ही उठला नसता अंथरुणातून."

"मग एवढे दिवस मला सांगत होतीस ते?"

तिने भरतकामाची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. आत वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणं होती. सगळ्यात वरचं अकरा वर्षांपूर्वीचं, त्याच्याच नावाने छापलेलं, आणि "गोडवा आधी लाजत येतो" या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.