सहामाही तपासणी

“टाच भिंतीला. हनुवटी खाली. हलू नकोस.”

सिस्टरनी मुलीच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि भिंतीवर चिकटपट्टीचा एक तुकडा दाबून बसवला. खालून मोजला तर तो अकरावा होता.

“किती?” बाईंनी विचारलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या.

“तीन सेंटिमीटर. सहा महिन्यांत.”

बाई उठल्या, चाचपडत भिंतीशी आल्या आणि खालच्या तुकड्यापासून वरच्यापर्यंत बोट फिरवत गेल्या. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात त्यांचे डोळे गेले होते. “ऐकलंत का?” त्या यजमानांना म्हणाल्या. “अशीच वाढली तर दाराची चौकट उंच करून घ्यावी लागेल तुम्हाला.”

यजमान खिडकीशी उभे होते. ते हसले नाहीत.

अपघात झाला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिला मुलांच्या अतिदक्षता विभागात सात नंबरच्या खाटेवर ठेवलं होतं. बाई दुसऱ्या मजल्यावर दोन महिने बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा यजमानांनी त्यांना सांगितलं, पोर वाचली, पण फुप्फुसं काचेच्या भांड्यासारखी झाली आहेत. अशा मुलांवर संशोधन करणारी एक संस्था आहे, तिच्या वसतिगृहातच तिला ठेवावं लागेल. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी सिस्टर मुलीला घेऊन येत, बाईंसमोर तपासणी करत आणि तासाभराने परत नेत.

“सिस्टर, त्या बाहुलीची गंमत सांगा ना आईला,” मुलगी म्हणाली.

सिस्टर आठवड्यातून दोन दिवस शिकाऊ डॉक्टरांना बाहुल्यांवर शिकवत. “गंमत कसली! शंभरदा सांगितलंय, समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं. तरी काल एका पठ्ठ्याने सुई भलत्याच बाजूला खुपसली. वर बाहुलीची माफी मागितली!”

बाई खळखळून हसल्या. “मग? बाहुली काय म्हणाली?”

“काय म्हणणार? आमच्या बाहुल्या फार सोशिक. रोज सकाळी रबरी जखमा लावून घेतात, संध्याकाळी सोलून घेतात.”

हसणं ओसरलं. सिस्टरनी पिशवीतून श्वास मोजायची काट्याची नळी काढून मुलीच्या हातात दिली. “छाती भरून श्वास घे. आता जोरात.”

मुलीने फुंकर मारली. काटा सर्रकन सरकला आणि टोकाला ठक्कन आदळला.

“किती?” बाईंनी लगेच विचारलं.

सिस्टरनी काट्याकडे पाहिलं. “निम्म्यावर आहे.”

“आवाज तर टोकाचा आला.”

“काटा मागे येतो, ताई.”

बाईंनी हात पुढे केला. सिस्टरचा हात सापडल्यावर त्यांनी तो घट्ट धरला. “या खेपेला लिहा ना, घरी राहायला हरकत नाही म्हणून. डोळे नसले तरी हात आहेत मला. मी करीन तिचं सगळं. तिचं अंथरूण रोज घालते, रोज काढते. देवापाशी दुसरं काही मागतच नाही मी. त्यालाही एव्हाना पाठ झालं असेल.”

यजमानांनी खिडकीचा गज धरला.

“अजून सहा महिने बघू,” सिस्टर म्हणाल्या.

“मागच्या वेळीही हेच म्हणालात.”

“हो.”

“एक रात्र तरी? मी जागी राहीन.”

“नाही, ताई.” सिस्टरचा आवाज मऊ होता, पण शब्द तसूभरही हलला नाही. “सात नंबरच्या खाटेशी मी शेवटपर्यंत बसले होते. मागू नका माझ्याकडे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “ये गं इकडे.”

मुलगी जाऊन त्यांच्या गुडघ्यांशी उभी राहिली. हे तिला सवयीचं होतं. बाईंचे हात तिच्या केसांवरून, कपाळावरून, कानांवरून उतरत मानेपाशी आले. दोन वर्षांची असताना पोर पत्र्याच्या खेळण्यावर पडली होती. मानेला तीन टाके पडले होते. निरोप देताना बाई नेहमी त्या खुणेवर हात ठेवत.

बोटं डाव्या कानाखाली गेली आणि तिथेच थांबली. मग हळूच गळ्यावरून दुसऱ्या बाजूला आली. तिथे ती खूण लागली, बोटाच्या पेराएवढी, जराशी खरखरीत. बाईंनी तिच्यावर अंगठा टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

सिस्टर पाठमोऱ्या होऊन पिशवी भरत होत्या.

बाईंनी मुलीला जवळ ओढलं, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या, आणि तिला स्वतःहून पुढे केलं. “न्या हिला. आणि सिस्टर, पुढच्या वेळी नक्की आणा हं. तपासणीत काही का येईना.”

यजमान दारापर्यंत आले. मुलीच्या डोक्यावरून फिरवायला त्यांनी हात उचलला, तो अर्ध्यावरूनच मागे घेतला आणि खिशात घातला.

सिस्टरनी गाडी सुरू केली. गाडी कोपऱ्यावरून वळली. मग मुलीने मानेवरची खूण नखाने सोलली आणि नेहमीसारखी कागदात गुंडाळून ठेवली.

“आई,” ती म्हणाली, “त्या काकूंनी तुला निरोप दिलाय.”

सिस्टरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. “मला? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘तुझ्या आईला सांग, खूण डाव्या बाजूला लावायची. पुढच्या वेळी विसरू नको म्हणावं.’”