लिफ्टवर अडकलेली गाडी

"आत बसून राहता येणार नाही. उतरा, अण्णा," जावई म्हणाला आणि अण्णांना गाडीतून उतरावं लागलं.

उतरले ते तोंड वाकडं करूनच. सासऱ्याला खाली उतरवणारा हा एवढा मोठा माणूस कोण, तर हमरस्त्यावरचा गॅरेजवाला! थोरलीने हट्टाने याच्याशी लग्न केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण अण्णांनी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. जावईबापू म्हणायचे, तेही नाक मुरडून. कापडाची मोठी पेढी चालवणाऱ्या माणसाच्या घरात हा ग्रीसने माखलेला जावई म्हणजे घासातला खडा.

एरवी ते इथे फिरकलेही नसते. पण वाटेत पुढचं चाक करकर करायला लागलं आणि आज गाडी बंद पडून चालणार नव्हतं. धाकटी आज लग्न करत होती. पुढच्या गावच्या नोंदणी कार्यालयात, बापाला न सांगता. शेजारच्या दुकानदाराने दुपारी बातमी दिली तसे अण्णा हातातलं कापड टाकून उठले. पोरगा कोण, काय करतो, हे विचारायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. बापासमोर उभं राहायची ज्याची छाती नाही, तो असून असून कोण असणार? असेल कुणीतरी टिनपाट. कार्यालय पाचला बंद व्हायचं. त्याआधी आपण दारात नुसते उभे राहिलो, तरी पोरगी मान खाली घालून गाडीत येऊन बसेल, याची त्यांना खात्री होती. तिने आजवर त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

यातलं जावयाला काही सांगण्याइतकी त्याची किंमत नव्हती. महत्त्वाचं काम आहे, पाचच्या आत पुढच्या गावी पोचायचंय, एवढंच अण्णा म्हणाले. कसलं काम, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. माणसाला साधी पोच नसावी म्हणजे किती नसावी!

लिफ्ट म्हणजे दोन जाडजूड लोखंडी खांब आणि त्यांना जोडलेले चार हात. जावयाने एकेक हात गाडीखाली सरकवला, दरवेळी खाली बसून नीट टेकलाय का ते पाहिलं. वीतभर उचलल्यावर गाडी धरून हलवून बघितली.

"काय चिंचेचं झाड आहे का ते?" अण्णा म्हणाले.

जावई हसला. मग बटण दाबून त्याने गाडी डोक्याच्या वर नेली. खांबांच्या आतून टक टक आवाज येत राहिला. शेवटी गाडी किंचित खाली घेऊन त्याने ती खाचांवर टेकवली. आता भार तेलावर नाही, लोखंडावर आहे, असंही सांगितलं. विचारलं होतं कुणी?

चाकामागे बारीकसा खडा अडकला होता. तो काढला आणि काम संपलं.

"उतरवा आता," अण्णा म्हणाले.

जावयाने खांबावरचा दांडा ओढला. गाडी जागची हलली नाही. पुन्हा ओढला. तीच कथा. त्याने डोकं खाजवलं आणि तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं.

तिथून जो घोळ सुरू झाला, तो बघून अण्णांचं रक्त उकळायला लागलं. तेल बघून झालं. मग नळीत हवा अडकली असेल म्हणून नळी तपासली. मग तारांचा ताण, मग जमिनीतले बोल्ट, एकेक करून, सावकाश, फडक्याने पुसून. नाचता येईना अंगण वाकडं! दुसरी गाडी द्या म्हणावं, तर गॅरेजमधल्या एकुलत्या गाडीचं इंजिन सुटं होऊन फरशीवर पडलेलं. रिक्षा मागवा म्हटलं, तर जावयाने फोन केला आणि रिक्षावाला येतोय म्हणाला. रिक्षा काही आली नाही. अण्णांनी भाच्याला गाडी घेऊन बोलावलं असतं, पण नंबर पाठ नव्हता आणि मोबाइल वर गाडीतच राहिला होता. शिडी लावतो म्हणाले, तर लिफ्ट बिघडलेली असताना कुणी वर चढायचं नाही, असं या शहाण्याने त्यांनाच सुनावलं.

"हे धूड ज्याने बसवलं त्याला बोलवा," अण्णा ओरडले. "तुमच्याच्याने होणार नाही हे."

"फिटरला आज वेळ नाही, अण्णा."

"त्याला वेळ नाही! कोण लागून गेलाय तो? पान्हे फिरवणाऱ्यांना कसली कामं असतात?"

 जावयाने पुन्हा तेलाचं झाकण उघडलं.

अण्णा स्टुलावर बसले, उठले, रस्त्यापर्यंत जाऊन आले. धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. पोर हातची चालली होती आणि ती या एका नालायकापायी चालली होती. थोरली याच्या पदरात पडली तेव्हाच घराचं वाटोळं झालं, असं ते त्याला तोंडावर म्हणाले. तेही त्याने ऐकून घेतलं. लाज असती तर माणूस निदान चिडला असता.

पाचला थोडा वेळ असताना जावयाचा फोन वाजला. "बरं," तो म्हणाला. "हो, इथेच आहेत." फोन खिशात ठेवून तो खांबापाशी गेला आणि त्याने वर न्यायचं बटण दाबलं. गाडी चार बोटं वर उचलली गेली. मग त्याने दांडा ओढला, आणि गाडी लोण्यासारखी खाली आली.

अण्णा बघतच राहिले.

"आधी जराशी वर घ्यावी लागते," जावई हात पुसत म्हणाला. "मग उतरते."

अण्णांनी धावत जाऊन गाडीचं दार उघडलं. जावयाने ते हलकेच लावून घेतलं.

"थांबा जरा, अण्णा. फिटर सह्या करून निघालाय. धाकटीही आहे त्याच्याबरोबर."