उपासाच्या दिवशी ज्वारी

अभिमन्यूने कोंबडी काखेत धरली आणि तिच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपली. आज उपासाचा दिवस. पिशवी मऊ, रिकामी लागायला हवी होती. बोटांना दाणे लागले. गोल, टणक. ज्वारी.

चोरी झाली असती तर बरं, असं त्याला वाटलं. चोर कसा धरायचा हे तरी ठाऊक असतं. इथे कुणी काही नेत नव्हतं, उलट आणून घालत होतं. असल्या माणसाला धरायचं तरी कसं?

होटगीजवळच्या या फार्मवर शेड मानसिंगरावांची, कोंबड्या कंपनीच्या. त्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढायची, म्हणून त्यांना एक दिवस खाद्य आणि एक दिवस उपास. पोटभर खाल्लं की त्या लठ्ठ होतात, अंडी कमी देतात आणि सोलापूरच्या उन्हात सगळ्यांत आधी धापा टाकून मरतात. हे कंपनीचं म्हणणं, आणि अभिमन्यू कंपनीचा सुपरवायझर, म्हणून त्याचंही. उपासाच्या दिवशी कोंबड्या रिकाम्या भांड्यांवर टोचा मारत राहतात. त्या आवाजाकडे कान द्यायचा नाही, हे तो कामावर लागल्या लागल्याच शिकला होता. पण या शेडमधली वजनं वाढत चालली होती आणि वरून फोन आला होता. खाऊ घालणारा सापडला नाही तर कंपनी कोंबड्या उचलणार, फार्म बंद.

त्याचा संशय पहिल्यापासून मथुराबाईवर. झाडायला तीच आत जायची. शिवाय ती कोंबड्यांशी बोलायची, आणि कोंबड्यांशी बोलणारी बाई अभिमन्यूच्या लेखी निम्मी गुन्हेगारच होती. कितीतरी दिवस फाटकात तिचा डबा उघडला जात होता. चार माणसांसमोर पदर झटकून दाखवावा लागत होता. मानसिंगराव समोरच खुर्ची टाकून चहा पीत असायचे. एक दाणा कधी सापडला नाही. बाई पक्की आहे, एवढाच अर्थ अभिमन्यूने त्यातून काढला.

आज त्याने कोंबड्यांनाच साक्षीला उभं करायचं ठरवलं.

"एकेकाने आत जायचं," तो म्हणाला. "खाऊ घालणाऱ्याला त्या बरोबर ओळखतील."

सगळ्यांच्या अंगात फार्मचे सारखेच निळे डगले, पायांत गमबूट, तोंडाला मास्क. आधी वॉचमन चनबसप्पा गेला. कोंबड्यांनी माना वर केल्या, दोन-चार पुढे आल्या आणि परत फिरल्या. तो घाम पुसत बाहेर आला. घामाचं कारण नव्हतं, पण अशा वेळी निर्दोष माणसालाच जास्त घाम येतो.

मग मथुराबाई गेली. पाच-सहा कोंबड्या तिच्या मागोमाग चालू लागल्या.

"बघा!" अभिमन्यू म्हणाला.

"रोज झाडती मी हितं, साहेब. येणारच की मागं."

"मग चनबसप्पाच्या मागे का नाही आल्या?"

"त्यो कवा झाडतोय?"

उत्तर चोख होतं, म्हणूनच अभिमन्यूला ते पाठ करून आणल्यासारखं वाटलं. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. "डगला काढून ठेवा."

मथुराबाईने मास्क खाली ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते या माणसांना दिसलं याचाच तिला जास्त राग आला. "पोरीचं लगीन ठरायलंय माझ्या," ती म्हणाली. "फार्मवरनं का काढलं म्हणून लोक इचारतील. काय सांगू? चोर म्हणतील की मला."

मानसिंगराव दारात उभे होते. दारातल्या जंतुनाशक औषधाच्या पाण्यात ते बूट बुडवत होते. एक बुडवला, दुसरा बुडवला, मग पुन्हा पहिला.

"मानसिंगराव, तुमची परीक्षा नाही," अभिमन्यू हसून म्हणाला.

ते आत आले.

आधी जवळच्या कोंबड्या उठल्या. मग पार त्या टोकाकडून आवाज सुरू झाला आणि सगळी शेड त्यांच्याकडे धावत सुटली. कोंबडेसुद्धा. धूळ आणि भुसा उडाला. एकमेकींच्या पाठीवर चढून कोंबड्या त्यांच्या बुटांवर, गुडघ्यांवर, लोंबत्या हातांवर टोचा मारू लागल्या. मास्कच्या वर मानसिंगरावांचे फक्त डोळे दिसत होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते.

अभिमन्यूचं हसू मावळलं. "तुम्ही? फार्म जाईल तुमचा. ठाऊक नव्हतं?"

"व्हतं." मानसिंगराव घसा खाकरून म्हणाले, "उपासाच्या दिवशी ह्यांच्या टोचा घरापतुर ऐकू येत्यात. घास गिळत न्हाय. लई दिस सोसलं, मग न्हाय ऱ्हावलं." ते वळायला गेले, पण पाय टाकायला जागा नव्हती. "मथुराबाई, तुमी उद्या कामावर या."

मथुराबाईने डगला काढला आणि दाराच्या कडीला अडकवला. कोंबड्यांच्या गराड्यात अडकलेल्या त्या माणसाकडे तिने नीट पाहून घेतलं.

"कीव आली व्हय तुमाला, मालक?" ती म्हणाली. "ह्यांचीच तेवढी?"