टर्बो थंड होईपर्यंत

पियूषनं आमच्या जुन्या गाडीला जोर यावा म्हणून इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो बसवला, तेव्हापासून घरी आल्यावर तो गाडी लगेच बंद करत नाही. "टर्बो लय तापते, आम्रपाली. एकदम बंद केली तं बेअरिंग जळते. दोन मिनिटं चालू ठेवा लागते."

दारात इंजिनाचा आवाज आला की मी चहा ठेवते. चहा उकळतो तेव्हा तो आत येतो.

रविवारी तो झोपला होता, म्हणून हेडलाइट बदलायला मीच गाडी सुपेल्याला देवीदासभाऊंकडे नेली. गॅरेजसमोर उभी केली आणि चालूच ठेवली. देवीदासभाऊ हात पुसत बाहेर आले.

"करा ना बंद, वहिनी. चालू कावून ठेवली?"

"टर्बो थंडा होऊन राहिला, भाऊ."

"टर्बो? तो तं मी मागच्या उन्हाळ्यातच काढला. या इंजिनाले एवढी हवा झेपतच नव्हती, दोनदा गॅसकेट उडालं. पियूषले मालूम हाय ना."

सोमवारी संध्याकाळी दारात इंजिनाचा आवाज आला. मी चहा ठेवला.

 

चहा उकळला, मी गॅस बंद केला. बाहेर इंजिन चालूच होतं.