पाण्यावरची ओळख

पहाटे लाँग श्युएनचा तरंगता बाजार आणि तिथून पुढं त्रा सूचं पाणथळ जंगल बघायचं, असा हट्ट दिएपनं धरला, तेव्हाच तिच्या नवऱ्याच्या, तोआनच्या, मनात पाल चुकचुकली. त्या बाजारात होडीवर शेवयांचं सूप विकणारा फुओक तरुणपणी तिच्यावर जीव टाकायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि आज तर बाईसाहेबांनी ओठही रंगवले होते!

फुओकची होडी शेजारी येऊन लागली.

"बोला आजी, किती वाट्या देऊ?"

"अहो, मी दिएप! ओळखलं नाही?"

"रोज एवढी गिऱ्हाइकं येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवू?" फुओक हसत म्हणाला.

दुपारी जंगलात होडी हिरव्यागार शेवाळातून सरकत होती, झाडाझाडावर बगळे होते. पण दिएपनं मान वर केली नाही. तोआनला ते बघवेना.

"मी वाट्या परत दिल्या ना, तेव्हा फुओक हळूच म्हणाला," त्यानं धडधडीत थाप मारली, "'बघताक्षणी ओळखलं होतं तिला, पण तुमच्यादेखत कसं बोलणार?'"

"इश्श, काहीतरीच!" दिएप कानापर्यंत लाल झाली.



लग्नाच्या दिवशीसुद्धा ती एवढी लाजली नव्हती, हे आठवून तोआन जळून खाक झाला.